अमेरिकेतील स्थलांतर धोरण : पक्ष कुठे उभे आहेत आणि लोक कुठे

मे २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि जूनमध्ये त्या पुन्हा सुरू केल्या. मात्र आता अर्जदाराचे समाजमाध्यमांवरील खाते सर्वांना दिसेल असे खुले ठेवण्याची अट त्यासोबत आली. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची तयारी करणारी आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आणि त्यांचे पालक त्या काळात एकच गोष्ट विचारत होते. "ताई, तिथल्या लोकांनाच आता बाहेरची माणसे नको झाली आहेत का?" एका आईने तर मुलीचा पासपोर्ट आलेला असूनही अर्ज भरायचा थांबवला होता.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अमेरिकेचे सरकार काय करते हा एक आणि अमेरिकेतील माणसे काय म्हणतात हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये दोन पक्ष उभे आहेत, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक. लोकांच्या मताचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो या पक्षांच्या भोंग्यांमधून. म्हणून पक्षनिहाय जनमत कसे आहे, ते तसे कसे झाले आणि त्याचा कायद्यावर किती परिणाम होतो, याची माहिती एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे.

साठ वर्षे विचारला जाणारा एक प्रश्न

गॅलप ही संस्था १९६५ पासून अमेरिकी नागरिकांना एक प्रश्न विचारत आली आहे : देशात येणाऱ्या स्थलांतरितांचे प्रमाण वाढवावे, आहे तेवढेच ठेवावे की कमी करावे? १९६५ मध्ये 'कमी करा' म्हणणारे ३३ टक्के होते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते ६५ टक्क्यांवर गेले. त्यानंतर हा आकडा चढउतार करीत खाली येत राहिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो एकदम उसळला. २०२० मध्ये मात्र 'वाढवा' म्हणणारे ३४ टक्के आणि 'कमी करा' म्हणणारे २८ टक्के अशी नोंद झाली. 'वाढवा'चे पारडे जड होण्याची ती पहिलीच वेळ होती.

चार वर्षांत चित्र उलटले. २०२४ मध्ये 'कमी करा' म्हणणारे ५५ टक्के झाले. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, तोच आकडा ३० टक्क्यांवर घसरला. त्याच वेळी स्थलांतर ही देशासाठी एकंदरीत चांगली गोष्ट आहे असे ७९ टक्के लोकांनी सांगितले. गॅलपच्या नोंदीत हा उच्चांक आहे.

म्हणजे 'अमेरिकन लोकांना परके नको आहेत' हे वाक्य २०२४ च्या जूनमध्ये बऱ्याच अंशी खरे होते आणि वर्षभरात खोटे ठरले. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशाखाली तारीख नसते, ही त्यातली मोठी अडचण आहे.

पक्षांमधला फरक जुना नाही

आज आपल्याला वाटते की रिपब्लिकन म्हणजे स्थलांतराच्या विरोधात आणि डेमोक्रॅट म्हणजे बाजूने. ही विभागणी निसर्गनियमासारखी मांडली जाते. पण ती फार तर पाव शतकाची आहे.

प्यू संशोधन केंद्र एक वेगळा प्रश्न विचारते. स्थलांतरित आपल्या कष्टाने आणि गुणांनी देश बळकट करतात, की नोकऱ्या, घरे आणि आरोग्यसेवा घेऊन देशावर भार होतात? १९९४ मध्ये 'बळकट करतात' म्हणणारे डेमोक्रॅट ३२ टक्के होते आणि रिपब्लिकन ३० टक्के. फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे असून नसल्यासारखा. दोन्ही पक्षांचे बहुसंख्य मतदार स्थलांतरितांना भार मानत होते. २०१९ मध्ये हाच प्रश्न विचारला तेव्हा डेमोक्रॅट ८३ टक्क्यांवर पोहोचले होते आणि रिपब्लिकन ३८ टक्क्यांवर. रिपब्लिकन मतदार या पंचवीस वर्षांत फारसे मागे गेलेले नाहीत, उलट थोडे पुढेच आले आहेत. दरी पडली ती मुख्यतः डेमोक्रॅट मतदार दूर सरकल्यामुळे. आपल्याकडच्या बातम्यांत ही बाजू जवळजवळ येतच नाही.

आधी पक्षांच्या पोटातच दोन-दोन मते होती. डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा होता कामगार संघटनांचा. स्वस्त मजूर आले की मजुरी पडते, संप मोडला जातो, हा त्यांचा अनुभवाचा मुद्दा होता. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे, पण संप फोडण्यासाठी मालक सीमेपलीकडून कागदपत्रांविना मजूर आणतात म्हणून त्यांच्या संघटनेने त्या मजुरांना उघड विरोध केला होता. टेक्सासच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९० च्या दशकात कायदेशीर स्थलांतरसुद्धा कमी करण्याची शिफारस केली होती. गरीब कृष्णवर्णीय आणि नुकताच आलेला स्थलांतरित यांच्यात कामासाठी होणारी स्पर्धा हा त्या वेळच्या चर्चेतला खरा प्रश्न होता आणि त्याला केवळ द्वेष म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन पक्षात उद्योगपती आणि मोठे शेतकरी होते. त्यांना मजूर हवे होते. १९८० मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज बुश (थोरले) ह्यूस्टनमध्ये समोरासमोर आले, तेव्हा कागदपत्रे नसलेल्यांच्या मुलांना शाळेत मोफत शिकू द्यावे का, असा प्रश्न सभेतून आला. दोघांनीही इतके मवाळ उत्तर दिले की आज त्या पक्षात कुणी तसे बोलले तर त्याची उमेदवारी धोक्यात येईल. पुढे अध्यक्ष झालेल्या रेगन यांनीच नोव्हेंबर १९८६ मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यामुळे कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले. मालकांनी अशा लोकांना कामावर ठेवल्यास दंड, अशीही तरतूद त्या कायद्यात होती. तिची अंमलबजावणी किती झाली, हे मालक कोण होते त्यावरून ओळखावे.

त्याच्याही आधीचा १९६५ चा कायदा पाहा. १९२४ पासून अमेरिकेत देशनिहाय कोटा होता. उत्तर व पश्चिम युरोपला झुकते माप आणि आशियाला जवळजवळ दार बंद. तो कोटा १९६५ च्या कायद्याने मोडला. आज अमेरिकेत दिसणारे मराठी, तेलुगू, गुजराती, पंजाबी समाज त्या कायद्याची लेकरे आहेत. हा कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केला, पण त्याला विरोध करणाऱ्यांत दक्षिणेतील डेमोक्रॅटच जास्त होते, तेच जे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांनाही विरोध करीत होते. वंशभेद आणि स्थलांतरबंदी यांचे नाते तेव्हा एकाच माणसाच्या दोन मतांत दिसत होते. कायदा मंजूर झाला तो दोन्ही पक्षांच्या मतांवर.

गाडी कुठे वळली

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सार्वमत झाले. कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळा आणि आपत्कालीन वगळता इतर आरोग्यसेवा नाकारावी, असा तो प्रस्ताव. रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर निवडणूक लढवली. सुमारे ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला आणि विल्सनही जिंकले. पुढे न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. पण त्या प्रचाराने लॅटिनो कुटुंबे हादरली. हजारोंनी नागरिकत्व घेतले, मतदार म्हणून नावे नोंदवली, आणि रेगन यांचे स्वतःचे राज्य रिपब्लिकन पक्षाच्या हातून गेले. जिंकलेली निवडणूक पुढे किती महाग पडते याचे हे उदाहरण अमेरिकी राज्यशास्त्राच्या वर्गात आजही शिकवले जाते.

दुसरे वळण कामगार संघटनांचे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने आपली भूमिका बदलली. हॉटेल, साफसफाई, बांधकाम, वृद्धांची सेवा या क्षेत्रांत नवे सभासद स्थलांतरितच होते. त्यांना घाबरवून ठेवले तर मजुरी सगळ्यांचीच पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. कागदपत्रे नसलेल्यांना कायदेशीर दर्जा द्या, ही मागणी तेव्हापासून कामगार चळवळीची झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षावरचा आतला दाब उठला.

तरीही २००६ पर्यंत सीमारेषा पुरती आखली गेली नव्हती. मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण घालण्याचा कायदा त्या वर्षी झाला, तेव्हा त्याच्या बाजूने मत देणाऱ्या सिनेटरांत बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जो बायडन होते. पुढच्या वर्षी रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांनी कायदेशीर दर्जा देणारे विधेयक पुढे रेटले, तेव्हा त्यांच्याच पक्षाने ते पाडले. बर्नी सँडर्स या डाव्या सिनेटरनेही मजुरीच्या मुद्द्यावर त्याला विरोध केला होता.

२०१२ ची निवडणूक हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने स्वतःचीच चिकित्सा करणारा अहवाल काढला आणि स्थलांतर सुधारणेला पाठिंबा द्या असे सांगितले. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठे विधेयक मंजूर केले, त्यात १४ रिपब्लिकन होते. कनिष्ठ सभागृहात ते मतदानालाच आले नाही. दोन वर्षांनी ट्रम्प यांनी त्या अहवालाच्या नेमके उलट टोक पकडून उमेदवारी जाहीर केली आणि जिंकले. २०१९ च्या जानेवारीत प्यूने सीमेवरील भिंत वाढवण्याबाबत विचारले तेव्हा ८२ टक्के रिपब्लिकन बाजूने आणि ९३ टक्के डेमोक्रॅट विरोधात होते. बारा वर्षांपूर्वी जे कुंपण दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर केले होते, ते आता पक्षाचा झेंडा झाले होते. भिंतीत काही बदल झाला नव्हता. ती कोणाची आहे, हे ठरले होते.

राज्यशास्त्रज्ञांनी हे अनेक विषयांत दाखवले आहे. सामान्य मतदार आधी धोरण ठरवून मग पक्ष निवडतो असे क्वचितच घडते. तो आधी पक्षाशी जोडलेला असतो, धर्माने, गावाने, घराण्याने, वर्णाने. मग नेता जे बोलतो ते त्याचे मत होते. आपल्याकडे याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको.

थर्मोस्टॅट

मग २०२० ते २०२५ या पाच वर्षांतली घसरगुंडी आणि चढण कशी समजायची? ख्रिस्तोफर व्लेझिएन या अभ्यासकाने १९९५ मध्ये एक कल्पना मांडली. गिझरमध्ये पाणी हवे त्यापेक्षा तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो, थंड झाले की पुन्हा जोडतो. जनमतही असेच वागते, असे त्यांचे म्हणणे. सरकार एका दिशेला फार गेले की लोक 'आता पुरे' म्हणतात आणि उलट दिशेला कलतात.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळे केल्याची छायाचित्रे आली आणि मत स्थलांतराच्या बाजूने गेले. २०२० मध्ये तर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्मे 'स्थलांतर वाढवा' म्हणत होते. बायडन यांच्या काळात मेक्सिकोच्या सीमेवर विक्रमी गर्दी झाली. एकट्या डिसेंबर २०२३ मध्ये सीमा पोलिसांनी अडवलेल्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात होती. टेक्सासच्या रिपब्लिकन गव्हर्नरने या लोकांना बसमध्ये भरून न्यूयॉर्क, शिकागो अशा डेमोक्रॅट शहरांत पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कवर बेघराला निवारा देण्याचे कायदेशीर बंधन आहे. तिथे दोन लाखांहून अधिक लोक आले, हॉटेले भरली, आणि तिथल्या डेमोक्रॅट महापौरांनीच हा प्रश्न शहराला बुडवेल अशी भाषा केली. माणसांना राजकीय पार्सलासारखे पाठवणे मला आजही किळसवाणे वाटते. पण त्याचा परिणाम झाला हे नाकारता येत नाही. सीमेपासून दोन हजार मैल दूर असलेल्या मतदाराच्या दारात प्रश्न येऊन उभा राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशापुढील सर्वांत मोठा प्रश्न कोणता, याला २८ टक्के लोकांनी 'स्थलांतर' हे उत्तर दिले आणि ते यादीत पहिले आले. 'कमी करा' म्हणणारे डेमोक्रॅट मतदारांतही वाढले.

२०२५ मध्ये वीज पुन्हा तुटली. सीमेवरची गर्दी एकदम ओसरली आणि देशाच्या आत, कारखान्यांबाहेर, न्यायालयांच्या आवारात धरपकड सुरू झाली. 'कमी करा' म्हणणाऱ्या रिपब्लिकनांचे प्रमाण ८८ टक्क्यांवरून ४८ वर आले. त्यांतल्या अनेकांना हवे ते मिळाले म्हणून समाधान असेल, सगळ्यांचे हृदयपरिवर्तन झाले असे समजू नये. पण स्थलांतर चांगले आहे म्हणणारे रिपब्लिकनही ३९ वरून ६४ टक्के झाले, हे नुसत्या समाधानाने समजावता येत नाही. ट्रम्प हा विषय ज्या रीतीने हाताळत होते ते त्या वेळी ६२ टक्के अमेरिकनांना पसंत नव्हते.

प्रश्न बदला, बहुमत बदलते

'सामूहिक हद्दपारीला पाठिंबा' असा मथळा वाचला की मूळ प्रश्न काय होता ते शोधावे. समाजकार्याच्या पाहणीत आम्हाला हे पहिल्याच महिन्यात कळते. 'तुमच्या घरात अडचण आहे का?' असे विचारले तर 'नाही' येते आणि 'गेल्या आठवड्यात रेशन कधी संपले?' असे विचारले तर तासभर बोलणे होते.

प्यूने २०२५ मध्ये विचारले : बेकायदा राहणाऱ्यांना देशाबाहेर काढावे का? सर्वांना काढावे म्हणणारे ३२ टक्के, कोणालाही नको म्हणणारे १६ टक्के, आणि काहींना काढावे म्हणणारे ५१ टक्के. या 'काही' शब्दात अमेरिकेचे खरे मत लपले आहे. 'काहींना' म्हणणाऱ्यांना पुढे विचारले, कोणाला? हिंसक गुन्हा केलेल्यांना काढावे यावर जवळपास सगळे, ९७ टक्के, एकमत होते. पण ज्याच्याकडे नोकरी आहे त्याला काढावे म्हणणारे १५ टक्क्यांच्या आसपास, लहानपणी आणले गेलेल्यांना काढावे म्हणणारे दहाच्याही आत आणि अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेल्यांना काढावे म्हणणारे त्याहून कमी.

आता 'सर्वांना' आणि 'काहींना' या दोन उत्तरांची बेरीज करून कुणी 'हद्दपारीला ८३ टक्क्यांचा पाठिंबा' असा मथळा देऊ शकतो. दुसरा कुणी 'तीनपैकी दोघांचा सरसकट हद्दपारीला विरोध' असा देऊ शकतो. दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले आणि दोन्ही खरे.

गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत, काही अटी पूर्ण केल्यास कागदपत्रे नसलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग द्यावा असे ७८ टक्के लोक म्हणाले. लहानपणी आलेल्यांच्या बाबतीत ८५ टक्के. त्याच लोकांपैकी बहुसंख्य सीमेवर अधिक पहारेकरीही मागतात. बाहेर शिस्त हवी आणि आत माणुसकी हवी, हे त्यांना परस्परविरोधी वाटत नाही. पक्षांना वाटते, कारण दोन्ही एकत्र देणारा उमेदवार पक्षांतर्गत निवडणुकीतच पडतो.

जेन्स हाइनम्युलर आणि डॅनियल हॉपकिन्स या दोन अभ्यासकांनी आणखी खोलात जाऊन पाहिले. लोकांना दोन काल्पनिक स्थलांतरितांची माहिती देऊन यांपैकी कोणाला प्रवेश द्याल असे विचारले. शिक्षण, भाषा, देश, व्यवसाय, पूर्वी बेकायदा आला होता का, असे तपशील बदलत ठेवले. निष्कर्ष असा की डेमोक्रॅट असो वा रिपब्लिकन, श्रीमंत असो वा गरीब, निवड जवळपास सारखीच होती. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, हाताला काम असलेला हवा. काम शोधायचा विचार नसलेला किंवा पूर्वी परवानगीविना आलेला नको. पक्षांच्या आरडाओरडीखाली हे छुपे एकमत आहे, असे त्यांनी २०१५ मध्ये मांडले.

हे एकमत मला दिलासा देत नाही. त्यात 'लायक' आणि 'नालायक' अशी वर्गवारी आहे आणि ती सर्वांना मान्य आहे. आपल्या लोकांनी या वर्गवारीचा इतिहास जाणून घेतला पाहिजे. अमेरिकी सैन्यात पहिल्या महायुद्धात काम केलेले भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. तेव्हा परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व 'गोऱ्या व्यक्तीं'साठी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीच राखीव होते. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की उच्चजातीय हिंदू आर्य वंशाचे असतात, जातीबाहेर लग्न करीत नाहीत, म्हणून ते गोऱ्यांतच मोडतात. जातव्यवस्थेलाच प्रवेशाचा दाखला म्हणून पुढे करण्यात आले! फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायालयाने एकमताने तो फेटाळला आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच देशात, त्याच वातावरणात. ते अमेरिका सोडून गेल्यावर काही महिन्यांतच, १९१७ च्या कायद्याने बहुतांश आशियासाठी दार लावले गेले. विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती.

गट म्हणजे मत नव्हे

लॅटिनो आहे म्हणजे स्थलांतराच्या बाजूनेच मत देणार, असे डेमोक्रॅट पक्ष बरीच वर्षे गृहीत धरून चालला. २०२४ मध्ये लॅटिनो मतदारांपैकी जवळपास निम्म्यांनी, प्यूच्या अभ्यासानुसार ४८ टक्क्यांनी, ट्रम्प यांना मत दिले. टेक्सासमधील स्टार हा सीमेवरचा जिल्हा जवळजवळ पूर्ण लॅटिनो वस्तीचा आणि शतकाहून अधिक काळ डेमोक्रॅट. तोही त्या वर्षी फिरला. महागाई, मजुरी, सीमेवरच्या गावातली दैनंदिन दमछाक, आणि 'आम्ही रांगेत उभे राहून आलो' ही भावना, सगळे त्यात होते. एखाद्या समाजाला कुणाची तरी मतपेढी समजण्याची चूक काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय एच-१बी व्हिसाचा. १९९० च्या कायद्याने तो आला. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा. त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांना मिळतात. या विषयात पक्षांची रेघच पुसली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याच गोटात भांडण जुंपले. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी व्हिसाच्या बाजूने, स्टीव्ह बॅनन विरोधात. आणि बर्नी सँडर्स यांनीही कंपन्या स्वस्त व बांधील नोकर मिळवण्यासाठी हा व्हिसा वापरतात असे म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले. त्याउलट २०१९ मध्ये ग्रीन कार्डवरील देशनिहाय सात टक्क्यांची मर्यादा उठवणारे विधेयक कनिष्ठ सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा, दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर झाले होते. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

बहुमत आहे, कायदा नाही

लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांना नागरिकत्वाचा मार्ग देणारे विधेयक पहिल्यांदा २००१ मध्ये मांडले गेले. डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ५५ आणि विरोधात ४१ मते पडली. तरी ते पडले, कारण चर्चा संपवून मतदान घ्यायलाच शंभरपैकी ६० मते लागतात. २०१२ मध्ये ओबामा यांनी प्रशासकीय आदेशाने या मुलांना तात्पुरते संरक्षण दिले. आजही पाच लाखांहून अधिक लोक त्या आदेशावर जगतात आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करतात. २००१ मध्ये जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आता चाळिशीचा आहे. त्याची स्वतःची मुले अमेरिकेची नागरिक आहेत. देशातील दहापैकी आठ लोक त्याच्या बाजूने आहेत.

यामागे आणखी एक कारण आहे. बाजूने असणारे आठ लोक या एका विषयावर आपले मत बदलत नाहीत, विरोधातले दोन बदलतात. खासदाराला भीती त्या दोघांची असते. २०२४ च्या फेब्रुवारीत एका रिपब्लिकन, एका डेमोक्रॅट आणि एका अपक्ष सिनेटरने मिळून सीमेवर कडक नियम आणणारे विधेयक तयार केले होते. निवडणुकीच्या तोंडावर हा मुद्दा हातून जाऊ नये म्हणून ट्रम्प यांनी त्याला विरोध केला आणि ज्या पक्षाला ते नियम हवे होते त्याच पक्षाने ते पाडले. उलट जानेवारी २०२५ मध्ये चोरीसारख्या गुन्ह्यात नुसती अटक झालेल्या, दोष सिद्ध न झालेल्या, कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीला डांबून ठेवणे सक्तीचे करणारा कायदा झाला, तेव्हा कनिष्ठ सभागृहातील ४६ आणि सिनेटमधील १२ डेमोक्रॅट त्याच्या बाजूने गेले. हरलेल्या निवडणुकीला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

अमेरिकेत आजघडीला दर सहा-सात माणसांमागे एक परदेशात जन्मलेला आहे. १९७० मध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. प्यूच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये कागदपत्रे नसलेले किंवा तात्पुरत्या संरक्षणावर राहणारे १ कोटी ४० लाख होते. त्यांत भारतीयही काही लाख आहेत. जनमत चाचणीसाठी फोन हजार-दीड हजार प्रौढांना जातो. पोलिसांची गाडी पाहून घरात लपणारी व्यक्ती अनोळखी क्रमांकाचा फोन उचलून आपले मत सांगेल, ही शक्यता कमीच.

त्या आईला मी जे सांगितले ते इथे नोंदवते. विद्यार्थी व्हिसाबद्दल अमेरिकेतले दोन्ही पक्ष निवडणूक लढवत नाहीत आणि चाचण्यांत तो प्रश्न क्वचित विचारला जातो. व्हिसाची मुलाखत, समाजमाध्यमांची तपासणी, शिक्षणानंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी दोन वर्षे काम करण्याची मुभा, हे सारे संसदेच्या कायद्यापेक्षा प्रशासनाच्या नियमांवर चालते. ते प्रशासनाच्या निर्णयाने बदलू शकते, कडक होऊ शकते तसे सैलही. म्हणून अर्ज भरावा, प्रवेशपत्र आले की मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची अधिकृत सूचना दर आठवड्याला पाहावी, मुलाखतीची तारीख मिळेल तितकी लवकर घ्यावी आणि ब्रिटनमधील एखाद्या विद्यापीठाचा अर्जही सोबत ठेवावा. शिष्यवृत्ती तिथेही चालते.